१२८ जीबीचा बेत आणि ३६०० वर अडकलेली रॅम: एका एडिटिंग मशीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी सांगलीत कॉम्प्युटर जोडून देतो, बिघडलेले दुरुस्त करतो. हे प्रकरण लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणाऱ्या एका स्टुडिओचं आहे. मालकांना विचारून लिहितोय. स्टुडिओचं नाव, बोर्डाची कंपनी आणि रॅमची कंपनी गाळली आहे, कारण दोष त्यांच्यात निघाला नाही. जो निघाला तो माझ्या सांगण्यात आणि माझ्या घाईत.

मशीन २०२३ च्या गुढीपाडव्याला बसवलं. रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड आणि ३२ जीबीच्या दोन स्टिकचा, म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्यांचा, डीडीआर५-६००० चा किट (६००० हा वेगाचा आकडा). बोर्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६४०० छापलेलं, पुढं अधिकचं चिन्ह आणि बारीक टायपात ओसी ही दोन अक्षरं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, कबूल केलेल्या वेगापुढं ओढणं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, एक्स्पो (रॅम छापील वेगावर चालवायचं सेटिंग) चालू केलं, रात्रभर टेस्ट लावली, सकाळी नारळ फोडून मशीन ताब्यात दिलं. पुढं वर्षभर फोन आला तो फक्त दिवाळीच्या शुभेच्छांचा.

बसवायच्या दिवशी मालकांनी एक प्रश्न विचारला होता. "पुढं रॅम वाढवायची झाली तर?" मी रिकाम्या दोन स्लॉटकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, "जागा आहे की. सेम किट आणायचा, टाकायचा."

डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या काळात हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही, आणि त्या काळात ते बहुतेक वेळा खरंही ठरायचं. या प्रकरणातला पहिला निर्णय तो. निर्णय घेतोय हे मात्र मला तेव्हा कळलंच नाही.

एप्रिल २०२४ मध्ये काम तुंबलं. हिवाळ्यातल्या लग्नांचे हायलाइट राहिले होते, त्यात लोकसभेच्या प्रचाराच्या चित्रफितींचं काम आलं. सांगलीचं मतदान ७ मे ला होतं, म्हणजे त्या कामाला तारीख ठरलेली. आफ्टर इफेक्ट्समध्ये तयार केलेल्या फ्रेम रॅममध्ये साठतात. रॅम भरली की जुन्या फ्रेम बाहेर पडतात आणि परत बघायच्या तर परत तयार कराव्या लागतात. त्यांचा एडिटर प्रीमिअर आणि आफ्टर इफेक्ट्स दोन्ही एकदम उघडे ठेवून काम करणारा. ६४ जीबी त्याला पुरेना. मालकांचा फोन आला, "दादा, तो दुसरा किट आणा आता."

मी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, त्याच मॉडेल नंबरचा किट मागवला. दुसरा निर्णय हा, आणि तो घेण्याआधी बोर्डाच्या वेबसाइटवर एकदाही डोकावलो नाही.

अडचण

संध्याकाळी सातला स्टुडिओत गेलो. नव्या दोन स्टिक बसवल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावर रॅमच्या शेजारी असतो तो पिवळसर दिवा लागून राहिला. पाच मिनिटं वाट पाहिली, बंद केलं, स्टिक काढून परत दाबून बसवल्या. तेच. नव्या दोन काढल्या तर मशीन चालू. जुन्या काढून फक्त नव्या लावल्या तर तेही चालू. म्हणजे स्टिक चारही धडधाकट, पण एकत्र नांदायला तयार नाहीत.

परत चारही लावल्या आणि तेवढ्यात घरून फोन आला. बोलत बाहेर गेलो. पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो तर स्क्रीनवर बायोसचा निरोप होता: मेमरीचं सेटिंग जमलं नाही, मूळपदावर आणलंय.

डीडीआर५ ची मशीन पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक स्टिकशी सिग्नलची वेळ आणि व्होल्टेज जुळवून घेतो. याला ट्रेनिंग म्हणतात. दोन स्टिकला हे काम मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं. मोठ्या चार स्टिकला दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात, आणि ते फसलं तर बोर्ड आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. पहिल्या दोन्ही वेळा मी मशीनला अर्ध्यातच बंद पाडलं होतं.

विंडोज उघडलं. १२८ जीबी दिसले. एडिटर खूश. पण पोरगा हुशार, त्यानं लगेच सीपीयू-झेड हा रॅमचा वेग दाखवणारा प्रोग्रॅम उघडला.

"काय ओ दादा, १८०० दाखवतंय की."

१८०० हा घड्याळाचा आकडा. डीडीआर मध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून १८०० म्हणजे डीडीआर५-३६००. तेवढं समजावलं. पण काल याच खिडकीत ३००० होतं, हे त्याला आठवत होतं आणि मलाही. मालकांनी विचारलं तेही रास्तच होतं: ६००० चे दोन किट घेतले, पैसे ६००० चे मोजले, मग ३६०० का?

माझ्याकडं उत्तर नव्हतं. "बघतो" म्हणालो आणि मशीन दुकानात घेऊन आलो.

मूळ कुठं होतं

त्या रात्री जे वाचलं ते वर्षभर आधी वाचायला हवं होतं. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या स्वतःच्या पानावर ७९५०एक्सच्या खाली चार ओळी आहेत. दोन स्टिक असतील तर डीडीआर५-५२००, मग त्या एका रँकच्या असोत की दोन (रँक काय ते खाली सांगतो). चार स्टिक असतील तर डीडीआर५-३६००, इथंही एक रँक असो की दोन. म्हणजे बोर्डानं चार स्टिकना जो वेग दिला, तोच कंपनीनं कबूल केलेला वेग होता. वर्षभर चाललेला ६००० हाच खरं तर वरकमाईचा आकडा. एएमडीच्या अटींमध्ये एक्स्पो चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच धरलंय.

बोर्डाच्या पानावरही तोच भेद होता, फक्त खोक्यावर नव्हता. चॅनेलला, म्हणजे प्रोसेसर ते रॅम अशा दोन वाटांपैकी एकीला, एक स्टिक की दोन, स्टिक एका रँकची की दोन, या चार जोड्यांना चार वेगळे आकडे. खोक्यावर छापलेला ६४०० हा त्यातल्या सगळ्यात सोप्या जोडीचा.

रँक म्हणजे कंट्रोलरच्या हाकेला एका वेळी ओ देणारा चिपांचा गट. आमच्या ३२ जीबीच्या स्टिकमध्ये १६ गिगाबिटच्या सोळा चिपा, आठ-आठचे दोन गट. म्हणजे एका स्टिकला दोन रँक. चार स्टिक लावल्या की प्रत्येक चॅनेलवर चार रँक लटकतात आणि कंट्रोलरला त्याच तारांवरून त्या सगळ्यांना ढकलावं लागतं.

हे अवघड का, ते आकड्यांत बघितलं की पटतं. ६००० च्या वेगाला एका बिटाच्या वाट्याला साधारण १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो. प्रोसेसरपासून स्लॉट त्याहून लांब आहेत, म्हणजे पहिला बिट पोचायच्या आत मागचे बिट वाटेला लागलेले असतात. अशात त्याच वाटेवर आणखी एक स्टिक बसली की तिच्याकडून सिग्नल थोडा परत फिरतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. गणपतीत अरुंद गल्लीत चार कर्णे लावल्यावर जे होतं तेच. निवेदक सावकाश बोलला तर कळतं, भरभर बोलला की शब्दावर शब्द चढतो.

दोन स्टिक असताना त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच का लावायच्या, याचं कारणही हेच. बहुतेक बोर्डांवर तार जवळच्या स्लॉटवरून पुढं लांबच्या स्लॉटपर्यंत जाते. जवळच्यात स्टिक लावून लांबचा रिकामा ठेवला, तर पुढची मोकळी शेपटी आवाज परत पाठवत राहते. हे मी अनेक वर्षं पाळत आलोय, पण कारण माहीत नसताना. कारण माहीत असतं तर रिकाम्या स्लॉटकडं बोट दाखवताना जीभ अडखळली असती.

मी केलेली चूक

आता इथं थांबून मालकांना खरं सांगायला हवं होतं. पण ६००० चे पैसे घेतलेत ही बोच होती. ठरवलं, निदान ५६०० तरी काढून दाखवू.

व्होल्टेज थोडं वाढवलं, टायमिंग सैल केलं, दोन-चार प्रयत्नांत चार स्टिक ५६०० वर चालू झाल्या. मेमटेस्ट८६, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावलं. ते फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या करतं, आणि १२८ जीबीच्या चार फेऱ्या म्हणजे रात्र संपून दुपार उजाडते. स्टुडिओतून फोनवर फोन येत होते. एक फेरी पूर्ण झाली, चूक एकही नाही, मी मशीन उचललं आणि नेऊन दिलं.

तिसरा निर्णय हा, आणि सगळ्यात महाग पडलेला.

दोन दिवसांनी दुपारी एडिटरनं एक चित्रफीत पाठवली. अक्षता पडतायत त्या क्षणाला नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन. त्याला वाटलं ग्राफिक्स कार्ड गेलं, आणि मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. पण त्याच दिवशी त्यानं एका लग्नाच्या फुटेजची झिप करून बाहेरच्या डिस्कवर टाकली होती, आणि ती उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतली माहिती बिघडल्याची सूचना, येत होता. झिप करायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फाइल रॅममधून जाताना कुठंतरी एखादा बिट उलटला होता. नशीब, कॅमेऱ्याची कार्डं अजून पुसलेली नव्हती.

इथं एक गैरसमज नोंदवून ठेवतो, कारण तो मलाही होता. डीडीआर५ मध्ये चिपेच्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते. ती साठवलेल्या बिटांपुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवर बिट बिघडला तर तिला पत्ता नसतो, आणि साध्या रॅममध्ये विंडोजलाही नसतो. मशीन बंद पडत नाही, निळी स्क्रीन येत नाही. फाइल गुपचूप बिघडते. एडिटिंगच्या धंद्यात मशीन बंद पडलेलं परवडतं, हे परवडत नाही.

दुकानात का निघालं नाही आणि तिकडं का निघालं? दुकानात टेस्ट झाली रात्री, कॅबिनेटचं दार उघडं, ग्राफिक्स कार्ड निवांत. स्टुडिओत एप्रिलची दुपार, दार बंद आणि रॅमच्या बुडाशी कार्ड तापलेलं. सैलसर जमवलेलं सेटिंग गरम झाल्यावर सुटलं. मी टेस्ट केली ती माझ्या सोयीच्या हवेत.

त्याच संध्याकाळी जाऊन मशीन ३६०० वर परत आणलं, आणि आधीच्या दोन दिवसांतलं प्रत्येक एक्स्पोर्ट पुन्हा करायला सांगितलं. हे सांगणं जड गेलं.

तोललेले पर्याय

मालकांना बसवून सगळं सांगितलं. चिडले, पण ऐकून घेतलं. मग कागदावर मांडलं.

पहिला पर्याय, आहे तसं ठेवायचं: १२८ जीबी, ३६०० वर. कागदावर दोन चॅनेल मिळून ६००० ला सेकंदाला ९६ जीबी इतकी माहिती जाऊ शकते, ३६०० ला ५७.६. ऐकायला मोठा घाटा. पण या कामात तो तेवढा दिसत नाही. त्याच प्रोजेक्टचं एक्स्पोर्ट घड्याळ लावून दोन्हीकडं करून पाहिलं, फरक मिनिटा-दोन मिनिटांचा. उलट रॅम भरल्यावर फ्रेम परत तयार करण्यात जो वेळ जातो, त्यापुढं हा घाटा काहीच नाही. म्हणजे ज्याला खरंच १२८ लागतात त्याच्यासाठी ३६०० हा अपमान मानायचं कारण नाही. हा पर्याय मी अर्ध्या मनानं मांडला होता. आज मांडला असता तर जास्त जोरानं मांडला असता.

दुसरा, चार स्टिक ठेवून मधला वेग शोधायचा, ४८०० किंवा ५२००. काही प्रोसेसरना जमतं, काहींना नाही. कंट्रोलर प्रत्येक प्रोसेसरचा थोडा वेगळाच निघतो. त्यासाठी एसओसीचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या कंट्रोलरच्या भागाचं, व्होल्टेज वाढवावं लागतं आणि तिथं माझी छाती झाली नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचे फोटो फिरत होते. त्यानंतर एएमडीनं या बोर्डांवर एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची वेस घातली. आमचं मशीन त्याच्या एक महिना आधीचं. बायोसही तेव्हाचाच, कारण चालत्या मशीनला हात लावू नये या मताचा मी. आता उघडून बघितलं तर एक्स्पो चालू असताना बोर्ड आपणहून १.३५ देत होता. वर्षभर. घशाला कोरड पडली.

तिसरा, चारही काढून ४८ जीबीच्या दोन स्टिक लावायच्या, एकूण ९६, एक्स्पो ६०००. या स्टिक २०२३ मध्ये बाजारात आल्या. त्यात २४ गिगाबिटच्या सोळा चिपा असतात, म्हणजे रँक दोनच. कंट्रोलरवर ओझं ३२ च्या दोन स्टिकइतकंच, जागा दीडपट. अडचण पैशाची: उघडलेला किट दुकानदार परत घेत नाही.

चौथा, थ्रेडरिपर हा एएमडीचा वर्कस्टेशनचा प्रोसेसर आणि चार चॅनेलची रजिस्टर्ड (सर्व्हरच्या जातीची) रॅम. बोर्डाची किंमत ऐकूनच मालक हसले. आमच्या बोर्डात चालणाऱ्या ६४ जीबीच्या स्टिक त्या वेळी आम्हाला बाजारात मिळतच नव्हत्या.

केलेली कृती

मालकांचा कल लगेच तिसऱ्याकडं गेला. पण आता घाईची मला धास्ती बसली होती. म्हणालो, तीन दिवस थांबा, आधी मोजू. ९६ पुरतात का, हे कुणालाच माहीत नव्हतं. एडिटरला तर अंदाज विचारला असता तो २५६ म्हणाला असता.

मशीन ३६०० वर, १२८ जीबीसह, तसंच कामाला लावलं. मेमरीचा वापर दर मिनिटाला नोंदवायला लावला. आफ्टर इफेक्ट्सला जेवढी द्याल तेवढी रॅम ते खातं, म्हणून नुसता कमाल आकडा बघून उपयोग नव्हता. त्याच्या सेटिंगमध्ये इतर प्रोग्रॅमसाठी राखीव जागा वाढवत गेलो आणि एडिटरला सांगितलं, काम जड वाटलं की वेळ लिहून ठेव. ९६ जीबीइतकी मर्यादा घातली त्या दिवशी त्यानं एकही वेळ लिहिली नाही. ६४ इतकी घातली त्या दिवशी सकाळीच चार.

मग तिसरा पर्याय पक्का केला. या वेळी किट मागवण्याआधी बोर्डाच्या वेबसाइटवरची तपासलेल्या रॅमची यादी, ज्याला दुकानात सगळे क्यूव्हीएल म्हणतात, ती उघडली. किटचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवला आणि शेजारच्या रकान्यात ती रॅम दोन स्टिकवर तपासलीय की चार, तेही पाहिलं. त्या यादीत रॅम आहे एवढंच बघून लोक निघून येतात. खरी गोष्ट शेजारच्या रकान्यात असते.

क्रम असा ठेवला: जुन्याच दोन स्टिकवर, एक्स्पो बंद करून, आधी बायोस अपडेट. ४८ जीबीच्या स्टिक ओळखणं या बोर्डाला २०२३ च्या पुढच्या बायोसमध्ये आलं. जुन्या बायोसवर थेट नव्या स्टिक लावल्या असत्या तर परत काळी स्क्रीन आणि परत माझा रक्तदाब. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जायचा, म्हणून दुकानातला यूपीएस उचलून नेला. नेमकी त्या दुपारी लाइट गेली, पण अपडेट संपून दहा मिनिटं झाल्यावर.

नव्या स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. या बोर्डाच्या स्लॉटला एकाच बाजूला खटका आहे, त्यामुळं दुसरं टोक बसल्यासारखं दिसतं आणि बसलेलं नसतं. दोन्ही टोकं दाबून बघितली. बटण दाबलं आणि मालकांना म्हणालो, आता चहा मागवा, बटणाला हात लावायचा नाही. चार-साडेचार मिनिटांत स्क्रीन आली. एक्स्पो चालू केलं, परत ट्रेनिंग, परत थांबलो. एसओसी व्होल्टेज पाहिलं, १.३ च्या आत होतं. ते हातानं १.२५ वर बांधून टाकलं.

एक छोटा निर्णय इथंही होता. ट्रेनिंगचं उत्तर जपून ठेवून पुढच्या वेळी लवकर सुरू व्हायची सोय बायोसमध्ये असते, मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाची. मी ती बंद ठेवली. मशीन दिवसातून एकदा सुरू होतं, तिथं मिनिटभर जास्त गेलं तर काय बिघडतं? उन्हाळ्यात जुळवलेलं गणित डिसेंबरच्या थंड सकाळी तसंच वापरण्यापेक्षा रोज नव्यानं जुळवलेलं बरं. काही जोडणारे याला अतिशहाणपणा म्हणतील. म्हणोत.

टेस्ट या वेळी स्टुडिओतच लावली. रात्री मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते पाच, कॅबिनेट बंद, विंडोजमध्ये टेस्टमेम५ आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डावर रेंडर. शेवटी साठ जीबी फुटेजची झिप करून, उघडून, मूळ फाइलशी ताडून पाहिली, तीन वेळा. ही शेवटची चाचणी कुठल्या पुस्तकात नाही, पण मालकांना तीच सगळ्यात पटली. त्यांचं नुकसान तिथंच झालं होतं.

निष्पत्ती

प्रचाराचं काम वेळेत गेलं. हिरव्या चौकोनांचं लग्न परत एक्स्पोर्ट करून दिलं. नवरीकडच्यांना काही कळलं नाही. त्यानंतर त्या मशीनवर बिघडलेली फाइल निघालेली नाही. पुढचा एक उन्हाळाही त्यात गेला.

पैशाचं असं झालं. दुसरा किट मी मूळ भावात परत घेतला आणि पुढं एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या मशीनमध्ये कमी भावात लावला. ती तूट माझी. त्यांचा वर्षभर वापरलेला पहिला किट सेकंडहँड भावानं घेतला. नव्या किटवर नफा घेतला नाही. मालक म्हणाले, "चूक कबूल केली म्हणून तुमच्याकडं आहे अजून." कबूल करायला मी चार दिवस लावले, हे सौजन्य म्हणून त्यांनी काढलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२०२३ च्या पाडव्यालाच विचारायचं होतं: दोन वर्षांत काम कुठं जाईल? त्या वेळी ९६ चा किट आमच्या हाताशी नव्हता, त्यामुळं ६४ घेणं चुकलं नाही. चुकलं ते वाढवायची वाट सांगताना. "पुढं वाढवायची झाली तर जुन्या काढून मोठ्या दोन" असं सांगितलं असतं, तर दुसऱ्या किटचा प्रश्नच आला नसता.

किट मागवण्याआधी एएमडीच्या पानावरच्या चार ओळी वाचायला दोन मिनिटं लागली असती. आता कुणीही चार स्टिक मागितल्या की मी तेच पान मोबाइलवर उघडून गिऱ्हाइकासमोर धरतो. इंटेलच्या बोर्डांवरही चॅनेलला दोन स्टिक झाल्या की अधिकृत आकडा उतरतो. आकडे वेगळे, तर्क तोच.

५६०० च्या मागं लागणं टाळता आलं असतं का, यावर अजून माझं मन एकमताचं नाही. प्रयत्न करण्यात गैर नव्हतं. गेम खेळणाऱ्या पोराचं मशीन असतं तर एक फेरी पुरली असती, फार तर गेम बंद पडला असता. इथं लोकांची लग्नं होती. वेग किती ओढायचा हे मशीन बघून ठरवत होतो, त्यावर चालणारं काम बघून नाही.

बायोसचं मात्र काहीही दुमत नाही. चालत्या मशीनला हात लावू नये हा नियम मी मोडीत काढला. २०२३ च्या पहिल्या सहामाहीत बसवलेली या सॉकेटची (प्रोसेसर बसायच्या याच जागेची) माझी आणखी पाच मशीनं होती. त्या पाचही जणांना फोन करून, यूपीएस घेऊन जाऊन, बायोस बदलून आलो. त्यातल्या दोघांकडं एसओसी १.३ च्या वर होतं. पैसे घेतले नाहीत. एकानं चहाबरोबर भडंग दिलं.

मालकांचा एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. परवा कॅबिनेट साफ करायला गेलो तेव्हा त्यांनी रिकाम्या दोन स्लॉटकडं बोट दाखवून विचारलं, "मग हे दिलेत कशाला?" मी सांगितलं, ज्याला वेग नको, जागा हवी, त्याच्यासाठी. ते म्हणाले, "खोक्यावर तसं लिहायचं की मग." आणि स्लॉटमधली धूळ फुंकायला ब्लोअर माझ्या हातात दिला.